सांगोल्याचे आबासाहेब

(शिरूर व दौंड तालुक्यांच्या बैठकीतील भाषण)



मघाशी एका तरुण कार्यकर्त्याने मला बाजूला घेऊन विचारले, ‘विरोधी पक्षाचा आमदार निवडून देऊन उपयोग काय? सत्तेतला असला तर निदान दोन रस्ते तरी होतात.’ प्रश्न खोटा नाही. पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईच्या माणसाने ‘पाणी येणार, पाणी येणार’ हे किती निवडणुकांत ऐकले ते त्यालाच ठाऊक. दौंडातही तेच. कालव्याखाली ऊस डोलतो आणि कालव्याच्या वरच्या अंगाला ज्वारी धड निसवत नाही. म्हणून आज भावाचे गणित बाजूला ठेवतो आणि एका माणसाविषयी बोलतो.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख. लोक त्यांना आबासाहेब म्हणत. जन्म १० ऑगस्ट १९२६ चा, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. वकिली शिकले, शेतकरी कामगार पक्षात गेले आणि सांगोल्यात येऊन बसले. सांगोला म्हणजे माण नदीच्या काठचा कोरडा मुलूख, आपल्यापेक्षा काकणभर जास्तच कोरडा. १९६२ साली तिथून पहिल्यांदा निवडून आले. त्यानंतर २०१४ पर्यंत, त्याच एका मतदारसंघातून, त्याच एका पक्षातर्फे, अकरा वेळा. शेवटची निवडणूक जिंकली तेव्हा वय ८८ होते. या सगळ्या काळात मंत्रिपद मिळाले ते दोनदाच : १९७८ मध्ये शरद पवारांच्या आणि १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. बाकी सगळी वर्षे समोरच्या बाकावर. अधिवेशनाला एसटीने जाणारा आमदार म्हणून त्यांचे फार कौतुक झाले. मला स्वतःला त्या कौतुकाचे एवढे काही वाटत नाही. एसटीने तर आपण सगळेच जातो! त्यांनी काय केले ते बघा.

पाण्याचे बघा. १९९३ साली आटपाडीला पाणी परिषद भरली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव ही मंडळी पुढे होती, आणि मागे होते तेरा दुष्काळी तालुके. मागणी काय होती? कृष्णेचे पाणी उचलून आम्हाला द्या, एवढीच नव्हती. ते पाणी समन्यायी वाटा, जमीन असो वा नसो, प्रत्येक कुटुंबाला पोटापुरत्या पाण्याचा हक्क द्या, अशी होती. ही कल्पना आपल्याला नवी नाही. शेजारच्या पुरंदरात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीत हेच करून दाखवले होते. पाणी जमिनीवर नाही, माणशी मोजायचे. भूमिहीनाचाही वाटा धरायचा आणि उसाला बंदी. फरक इतकाच, की आटपाडीला हा विचार एका गावापुरता न राहता तेरा तालुक्यांची मागणी झाला. टेंभूचे पाणी सांगोल्याच्या शिवारात दिसायला पुढे वीसेक वर्षे गेली. परिषदा मात्र वर्षानुवर्षे भरत राहिल्या. लोक कंटाळले नाहीत, कारण बोलावणारा माणूस कंटाळला नाही.

आता कापूसवाल्यांनी कान द्यावा. सांगोला काही कापसाचा मुलूख नव्हे. तरी तिथे शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि पुढे महिलांची वेगळी सूतगिरणी झाली. महाराष्ट्रात सरकारी भागभांडवल घेऊन किती सूतगिरण्या निघाल्या आणि किती कर्जात बुडाल्या, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. संचालकांच्या गाड्या आधी आल्या, चात्या नंतर. सांगोल्याची गिरणी चालली, म्हणून लोक दुरून बघायला जात. कापूस पिकवणाऱ्यांच्या गिरण्या बंद आणि न पिकवणाऱ्यांची चालू, याचा आपण विचार करायला हवा.

माणूस हरलासुद्धा. १९७२ मध्ये हरले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला शहाजीबापू पाटलांनी त्यांना पाडले, अवघ्या १९२ मतांनी. एका वस्तीची मते ती! एवढ्या वर्षांचा आमदार १९२ मतांनी पडला की आपल्याकडे काय होते? दुसऱ्या दिवशी पक्ष बदलतो, नाहीतर विधान परिषदेसाठी मुंबईला खेटे घालतो. हे तिथेच राहिले, त्याच पक्षात राहिले, आणि १९९९ ला लोकांनी परत पाठवले.

मी काही आरती ओवाळायला उभा नाही. त्यांच्या पक्षाची आणि आपली वाट एक नव्हती. सरकारने द्यावे यावर त्यांचा भर. सरकारने आधी आमच्या मालाच्या भावातला हात काढावा हे आपले म्हणणे. त्यांच्या तालुक्यात डाळिंबाने घरे उभी केली खरी. फळबागेला रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदान १९९० पासून मिळाले, त्याचा सांगोल्याने पुरेपूर फायदा घेतला. पण पुढे तेल्या रोगाने आणि खोडकिड्याने बागा गेल्या तेव्हा शेतकरी पुन्हा एकटाच पडला. आणखी एक. इतक्या वर्षांत पक्षाला घराबाहेरचा वारस घडवता आला नाही. २०१९ ला ते स्वतः उभे राहिले नाहीत, नातू उभा राहिला आणि थोडक्यात पडला. ३० जुलै २०२१ ला आबासाहेब गेले. २०२४ ला दुसरा नातू निवडून आला. लोकांनी निवडले, ठीक आहे. पण मला ते खटकते, आणि खटकते ते बोलून दाखवले पाहिजे.

तर त्या तरुण मित्राला माझे उत्तर असे. रस्ते दोन्हीकडचे आमदार करतात. तेरा तालुक्यांना एका मांडवात वर्षानुवर्षे बसवणारा माणूस सत्तेच्या खुर्चीतून फार क्वचित निघतो, कारण त्याला मग पाण्याचा आकडा विचारणारे लोक परवडत नाहीत. आणि आटपाडीला लोक आकडे घेऊन बसले होते. आपण अजून नुसते गाऱ्हाणे घेऊन बसतो.

म्हणून एक काम सांगतो. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणायचा : गावाचे एकूण क्षेत्र किती, कालव्याखाली किती, कोरडे किती, विहिरींना पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, आणि जमीन नसलेली कुटुंबे किती. तलाठ्याकडचा आकडा आणि आपला आकडा शेजारी शेजारी लिहा. पाबळकडच्या मंडळींनी आणि दौंडच्या वरच्या अंगाच्या मंडळींनी हा कागद विसरू नये. तो आल्याशिवाय पुढची चर्चा सुरू करायची नाही, असे मी अध्यक्षांना आत्ताच सांगून ठेवतो.