मामा, आपलं सैन्य कोणतं?



माझा भाचा पाचवीत आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याला अफजलखानाचा शिपाई केलं. नाटकात कुणीतरी खानाचा शिपाई व्हायचाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण वर्गातल्या चारही मुसलमान मुलांना तिकडेच उभं केलं. घरी येऊन विचारतो, "मामा, आपलं सैन्य तेच का?"

मी सॉफ्टवेअरवाला. उत्तर द्यायचं तर वाचणं भाग होतं.

खानाच्या फौजेत मराठे सरदार होते, त्याचा वकील कृष्णाजी भास्कर ब्राह्मण. शिवाजी महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम, आरमारात दौलतखान. हे आपल्या कार्यक्रमांतून मी ऐकलेलं होतं. सोलापूरचं मात्र ठाऊक नव्हतं.

सिद्धेश्वर तलावाशेजारचा आपला भुईकोट. मे १८१८ मध्ये इंग्रजांचा मन्रो त्यावर चालून आला, तेव्हा दुसऱ्या बाजीरावाचं पायदळ आणि तोफा गणपतराव पानशांच्या हाताखाली इथे होत्या. साडेपाच हजारांच्या आसपास पायदळ, त्यात सुमारे १२०० अरब. म्हणजे पेशवाईच्या या शेवटच्या फौजेत पाचातला एक अरब! समोर मन्रोकडेही बहुतेक शिपाई हिंदुस्थानीच. त्याआधी सहा महिने, खडकीच्या लढाईत पेशव्यांची एक पलटण डी पिंटो नावाच्या पोर्तुगीज वंशाच्या अधिकाऱ्याकडे होती.

असं का? घोडदळ सरदारांच्या सरंजामावर चालायचं. कवायती पायदळाला रोख पगार लागे, आणि बंदूक चालवणारा माणूस मिळेल तिथून घेत. हे फक्त आपल्याकडचं नाही. १६८३ मध्ये पोलंडचा राजा सोबिएस्की तुर्कांविरुद्ध व्हिएन्नाला गेला, तेव्हा त्याच्याही सैन्यात मुसलमान तातार होते. तुर्कांकडेही तातार. आपले ओळखू यावेत म्हणून त्यांनी शिरस्त्राणात गवताची काडी खोवली, असं सांगतात.

आता थोडं आपल्याविषयी. पानिपतावरचा इब्राहिमखान गारदी आपण अभिमानाने सांगतो. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून करणारे गारदी मात्र गाळतो. थकलेल्या पगारासाठी म्हणून ते आत घुसले होते. त्यांच्या म्होरक्यांत सुमेरसिंग होता, तसा मुहम्मद युसूफही होता. पहिला सांगायचा तर दुसराही सांगावा लागेल. नाहीतर आपणही नाटकच बसवतोय.

भाच्याच्या बाईंना भेटलो. नाटक बदलू नका म्हटलं, फक्त सिद्दी इब्राहिमचं पात्र घाला आणि कामं चिठ्ठ्या टाकून वाटा. बाई थोड्या ओशाळल्या. "हे लक्षातच आलं नाही हो," म्हणाल्या. "पुढच्या वर्षी संहिता तुम्हीच लिहून द्या."

लिहायला घेतली आहे. भाच्याला रविवारी किल्ला दाखवून आणला. आता त्याला शिपाई व्हायचंच नाही, त्याला तोफेवर काम पाहिजे.