उष्णतेला वाट देऊ या



चुंबकत्व आणि पॉलिमर या दोन्ही विषयांचा रायगडच्या किनाऱ्याशी जुना संबंध आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या, तेव्हा त्यांच्या विजेने नोंदी बिघडू नयेत म्हणून संचालक नानाभॉय मूस यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय नोंदींचे काम १९०४ मध्ये अलिबागला आले. नागोठण्यात पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन तयार होते. लोणेऱ्याला १९८९ पासून तंत्रशास्त्र विद्यापीठ उभे आहे. म्हणून चुंबकीय नॅनोकणांच्या मदतीने पॉलिमरमधून उष्णतेला वाट देणे, हा आजचा विषय याच जिल्ह्यात पुढे जावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

विद्युत वाहनाची बॅटरी असो, एलईडी दिवा असो की मोटारीचे वाइंडिंग, आत निर्माण झालेली उष्णता बाहेर पडली नाही तर उपकरणाचे आयुष्य घटते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्व्हिन, तर इपॉक्सी या पॉलिमरची जेमतेम ०.२. धातू वापरावा तर तो वीजही वाहून नेतो आणि आपल्या खाऱ्या हवेत गंजतो. पॉलिमर गंजत नाही, वीज अडवतो, हलका असतो. पण उष्णताही अडवतो. हीच आपली खरी अडचण आहे.

तिचे कारण रचनेत आहे. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन उष्णता नेतात. पॉलिमरमध्ये ते काम रेणूंच्या कंपनांना करावे लागते आणि गुंतलेल्या साखळ्यांत ती कंपने विखुरतात. २०१० मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी पॉलिएथिलीनचा अतिसूक्ष्म तंतू इतका ताणला की साखळ्या एका दिशेत आल्या आणि त्याची वाहकता १०० वॅट प्रति मीटर-केल्व्हिनच्या पुढे गेली. तेच पॉलिएथिलीन, पण मांडणी बदलली.

नॅनोकण मिसळले की काम झाले, असा समज मला अनेक प्रबंधांत दिसतो. तो सोडून द्यायला हवा. कण जितके लहान, तितका तेवढ्याच भरणात त्यांचा एकूण पृष्ठभाग जास्त आणि प्रत्येक सीमेवर उष्णतेला अडथळा. रेवसहून करंजाला जाताना खाडी आडवी यावी, तशी प्रत्येक कणापाशी उष्णतेला एक खाडी ओलांडावी लागते. शिवाय मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहऑक्साइड स्वतः फारसा चांगला उष्णतावाहक नाही. मग त्याचा उपयोग काय? तो वाटाड्या आहे.

झुरिकच्या ईटीएच संस्थेतील संशोधकांनी २०१२ मध्ये ॲल्युमिनाच्या सूक्ष्म चकत्यांवर लोहऑक्साइडचे नॅनोकण बसवले आणि साधारण एक मिलिटेस्लाच्या क्षेत्रात त्या चकत्या हव्या त्या दिशेला वळवल्या. अलिबागला पृथ्वीचे क्षेत्र सुमारे ०.०४ मिलिटेस्ला भरते. म्हणजे त्याच्या सुमारे पंचवीस पट, पण साध्या चुंबकाला सहज जमणारे क्षेत्र पुरले. त्यांचा हेतू पदार्थाच्या बळकटीचा होता, पण युक्ती उष्णतेसाठीही चालते. बोरॉन नायट्राइड वीज अडवते, पण चकतीच्या पातळीत उष्णता उत्तम नेते. त्याच्या चकत्यांवरही हीच युक्ती वापरली गेली आहे. रेझिन पातळ असताना चकत्या उभ्या करायच्या आणि ते घट्ट होईपर्यंत क्षेत्र चालू ठेवायचे. त्यामुळे जाडीच्या दिशेने उष्णतेची वाट तयार होते. रेझिन फार दाट असेल तर चकत्या वळत नाहीत आणि फार पातळ असेल तर तळाशी बसतात. म्हणून या तंत्राची कसोटी दाटपणा आणि वेळ सांभाळण्यात आहे.

एक इशारा देणे मी कर्तव्य समजतो. लोहाचे आयन पॉलिएथिलीनसारख्या पॉलिओलेफिनचे ऑक्सिडीकरण वेगाने घडवू शकतात. त्यामुळे लोहऑक्साइडवर सिलिकासारखे आवरण आणि योग्य स्थिरकारक यांचा विचार पहिल्या दिवसापासून व्हायला हवा. किनाऱ्यावर वापरायचा पदार्थ क्षारफवाऱ्याच्या चाचणीतून गेल्याशिवाय त्याच्या वाहकतेचा आकडा अपुराच मानावा.

म्हणून माझी आपणा सर्वांना तीन आवाहने आहेत. संशोधकांनी केवळ सर्वांत मोठा आकडा न छापता उभ्या आणि आडव्या, दोन्ही दिशांची वाहकता, भरणाचे प्रमाण आणि विद्युतरोध एकत्र द्यावेत. उद्योगांनी आपले रेझिन आणि साचे विद्यार्थ्यांसाठी खुले करावेत. आणि विद्यार्थ्यांनो, कण किती घातले यापेक्षा ते कुठे आणि कसे बसले, हा प्रश्न प्रत्येक प्रयोगाआधी विचारा. त्याच प्रश्नाच्या उत्तरातून उपयोगाचा पदार्थ घडेल.