चकव्याचे दर्शन : नाथसागरावरील एक हिवाळी दिवस

 

भगवान सुमतिनाथांच्या प्रतिमेच्या पादपीठावर दिगंबर परंपरेनुसार चकवा कोरलेला असतो. श्वेतांबर परंपरा तेथे क्रौंच मानते. नित्य दर्शन घेणाऱ्या श्रावकास हे लांछन मुखोद्गत असते. परंतु हा चकवा, म्हणजेच संस्कृत काव्यातील चक्रवाक, दर हिवाळ्यात मराठवाड्याच्या जलाशयांवर उतरतो, याची कल्पना थोड्यांनाच असते. जळकोटहून पैठणच्या अतिशय क्षेत्री भगवान मुनिसुव्रतनाथांच्या दर्शनास जाणाऱ्या यात्रेकरूने म्हणूनच आणखी एक दिवस नाथसागरासाठी राखून ठेवावा.

गोदावरीवरील जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. जलाशयाचा विस्तार प्रचंड, खोली मात्र त्या मानाने बेताची. पाणी ओसरू लागले की काठाने दूरवर चिखल, दलदल व लहान बेटे उघडी पडतात आणि किडे, गोगलगाई, पाणवनस्पती यांचे जणू अन्नछत्रच सुरू होते. १९८६ मध्ये सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचा हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. धरण काठोकाठ भरते त्या वर्षी शेतकरी सुखावतो. परंतु उथळ काठ पाण्याखाली गेल्याने चिखलात चरणारे पक्षी विखुरतात.

पौषातल्या पहाटे सोनेवाडीच्या काठावर पोहोचणाऱ्यास आरंभी काही दिसत नाही, केवळ ऐकू येते. धुके विरळ होताच काळ्या ठिपक्यांचे थवेच्या थवे उमटतात. कपाळावर पांढरा टिळा असलेल्या या पाणपक्ष्यास मराठीत वारकरी म्हणतात; नाथांच्या पैठणात हे नाव विशेष शोभते. पलीकडे टोकदार शेपटीची तलवार बदके, फावड्यासारख्या चोचीचे थापटे, आणि नशीब असेल तर चोच उलटी करून पाणी गाळणारे रोहित. डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारा पट्टकदंब तर हिमालय ओलांडून येतो. त्याच्या उड्डाणाची उंची उपकरणांनी सात हजार मीटरहूनही अधिक नोंदविली आहे. हाच पाहुणा रात्री गाळपेर जमिनीतला गहू-हरभरा खुडतो. ही जमीन कसणारी कित्येक कुटुंबे धरणानेच विस्थापित केलेली आहेत. त्यांचा राग समजून न घेता पक्षिप्रेमाच्या गोष्टी करणे सोपे आहे.

चकवा बहुधा जोडीने, उघड्या वाळूवर उभा असतो. नारिंगी-तपकिरी अंग, फिकट डोके, पंखांची टोके व शेपटी काळी. तो अत्यंत सावध असतो. छायाचित्राच्या मोहाने कोणी पन्नास पावले पुढे सरकला की त्याचा कर्कश इशारा उठतो आणि पाहता पाहता सारा काठ रिकामा होतो. वाळूवर केवळ पायांचे ठसे उरतात. मंदिरात ज्याच्या चिन्हापुढे मस्तक झुकते, त्यालाच काठावरून हुसकावण्याचा हा प्रकार नवख्याच्या हातून हटकून घडतो. जो मागे फिरून बाभळीच्या आडोशाला तास-दोन तास निमूट बसतो, त्याच्यासाठी मात्र पक्षी परततात. प्रथम वारकरी, मग बदके, आणि सर्वांत शेवटी चकवा.

या पाण्याचे भवितव्य सध्या चर्चेत आहे. जलाशयावर तरंगत्या सौरपटलांचा प्रकल्प योजिला गेला. त्याविरुद्ध मासेमारीवर जगणाऱ्या कहार समाजाच्या समितीने दाद मागितली, ती सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये फेटाळली. वीज हवीच. पण ही पटले खोल पाण्यावर बसतात की उथळ काठाजवळ, यावर येथील पुढचे हिवाळे अवलंबून राहतील.

सायंकाळी निरीक्षक दुर्बीण आवरू लागतो, तेव्हा चकव्यांची खरी हालचाल सुरू होते. रात्री ही जोडी शापाने ताटातूट होऊन दोन तीरांवरून परस्परांना साद घालते, असे कवी सांगत आले. वस्तुतः हा पक्षी रात्रीही चरतो आणि चरताना अंतर पडले की जोडीदाराला हाक देतो. अंधार पडल्यावर सोनेवाडीच्या काठावर ती हाक पाण्यावरून स्पष्ट ऐकू येते. थोड्या वेळाने पलीकडून तिला उत्तर मिळते.