मरणाच्या उशाशीं



माझी थोरली मुलगी परिचारिका आहे. माझीं पस्तीस वर्षें मुलांना शिकविण्यांत गेलीं. परंतु मरणाविषयीं जें थोडें मला कळलें, तें तिच्याकडून.

नोकरीच्या पहिल्याच वर्षीं तिच्या वॉर्डांत एक वृद्ध गृहस्थ अखेरच्या घटका मोजीत होते. मध्यरात्रीं त्यांनीं तिचा हात धरून विचारलें, "मुली, मी आतां जाणार ना?" "छे, आजोबा, बरे व्हाल," असें म्हणून तिनें हात सोडविला आणि ती दुसऱ्या खाटेकडे गेली. तेथें तिचें कांहींच काम नव्हतें. पहांटे ते वारले, तेव्हां जवळ कोणी नव्हतें.

सकाळीं घरीं येऊन ती म्हणाली, "बाबा, मला मरणाची भीति वाटते. मी उद्यांपासून जात नाहीं." मीं तत्काळ म्हटलें, "नको जाऊंस." त्या वेळीं तें मला वात्सल्य वाटलें. तें माझेंच भय होतें, हें पुढें उमगलें.

तिला सांवरलें तें तिच्या वॉर्डांतील एका वडील परिचारिकेनें. "भय मलाही वाटतें," त्या म्हणाल्या. "तें जाण्याची वाट पाहूं नकोस. स्टूल ओढ, बस आणि हातांना काम दे." मग त्यांनीं कामेंच शिकविलीं. कोरडे पडलेले ओठ ओल्या बोळ्यानें टिपावे. घशांत घरघर लागली तर कुशीवर वळवावें. श्वास थांबून थांबून येऊं लागला, हातपाय गार पडले, तर तो देहाचा क्रमच आहे, हें नातेवाइकांस हलक्या आवाजांत सांगावें. रुग्ण बेशुद्ध असला तरी त्याच्याशीं बोलावें. त्याला ऐकूं येत असेल. "मी जाणार का?" या प्रश्नास खोटें उत्तर देऊं नये, "आपल्याला काय वाटतें?" असें विचारून ऐकत राहावें. आणि पाळी संपल्यावर मनांतलें सहकारिणीपाशीं बोलून मगच घरीं जावें.

असें नुसतें जवळ बसणें क्षुल्लक नव्हे. सिसिली सॉण्डर्स या इंग्रज बाई मूळच्या परिचारिका. १९४८ सालीं लंडनमध्यें डेव्हिड टास्मा या मरणोन्मुख रुग्णाजवळ त्या बसत, बोलत. जातांना तो त्यांच्या भावी वास्तूंतील एका खिडकीसाठीं ५०० पौंड ठेवून गेला. पुढें त्या डॉक्टर झाल्या आणि १९६७ सालीं त्यांनीं अशा रुग्णांसाठीं सेंट क्रिस्टोफर्स हें शुश्रूषागृह उघडलें. मुंबईस वांद्र्याला १९८६ सालीं शांति आवेदना सदन निघालें, तें याच वाटेनें.

माझी मुलगी आजही त्याच कामावर आहे. भय गेलें का, असें मीं तिला एकदां विचारलें. "नाहीं, बाबा," ती म्हणाली, "पण आतां मी उठून जात नाहीं."

गेल्या वर्षीं माझे वडील बंधु अंथरुणास खिळले. त्यांच्या खोलीच्या दारापासून मी दोनदां परतलों. तिसऱ्या वेळीं आंत गेलों, स्टूल ओढलें आणि बसलों. ते गेले, तेव्हां त्यांचा हात माझ्या हातांत होता.