दामले हजर नसलेला खटला

विवाहबाह्य संबंधावरचं नाटक म्हटलं की फसवली गेलेली बायको, पश्चात्ताप करणारा नवरा, निदान त्या दोघांमधलं भांडण तरी दिसेल अशी आपली अपेक्षा असते. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मध्ये यातलं काहीच नाही. १९६७ साली ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगभूमीवर आणलं आणि सुलभा देशपांडे यांनी त्यातली शिक्षिका लीला बेणारे उभी केली. तेव्हापासून एकाकी पाडलेल्या बाईचं नाटक म्हणून आपण ते पाहतो. माझ्या मते ते आधी एका गैरहजर नवऱ्याचं नाटक आहे. बेणारेशी संबंध ठेवून बायकोशी प्रतारणा केली ती प्रोफेसर दामले यांनी, आणि ते रंगमंचावर पाऊलही ठेवत नाहीत.

नीट पाहा. खेडेगावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला आलेल्या या मंडळीत दामल्यांकडे काम होतं आरोपीच्या वकिलाचं. ते येत नाहीत, म्हणून फिर्यादीचे वकील सुखात्मेच बचावाच्या जागेवरही जाऊन बसतात. आरोपी बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. गावचा भाबडा सामंत साक्ष देतो ती हाती असलेल्या कादंबरीच्या आधारे, आणि तीही ग्राह्य धरली जाते. पुढे तिच्या पोटातल्या गर्भाचा बाप म्हणून दामल्यांचं नाव उघड होतं, तरी सहआरोपी म्हणून त्यांना कोणी उभं करत नाही. शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर निकाल देतात: पोटातला गर्भ नष्ट व्हावा. म्हणजे ज्या गुन्ह्यासाठी बाईला पिंजऱ्यात घातलं, तोच गुन्हा तिची शिक्षा ठरतो!

यावर कोणी म्हणेल, दामले विवाहित आहेत हे बेणारेला ठाऊक होतं. तिचा वाटा नाही का? आहे, आणि तो मी नाकारत नाही. पण हे न्यायालय खरोखर विवाहसंस्थेच्या काळजीने बसलं असतं, तर दामल्यांच्या पत्नीची विचारपूस आधी झाली असती. तिला कोणी साक्षीलाही बोलावत नाही. त्या काळचा कायदाही असाच होता. भारतीय दंडविधानाचं कलम ४९७ दुसऱ्याच्या बायकोशी, त्या नवऱ्याच्या संमतीवाचून, संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला शिक्षा देई. विवाहित पुरुषाचा अविवाहित स्त्रीशी असलेला संबंध त्यात गुन्हाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने हे कलम २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं. तोवर व्यभिचार म्हणजे एका नवऱ्याच्या हक्कावर दुसऱ्या पुरुषाचं अतिक्रमण, एवढंच फौजदारी कायद्याला कळत होतं. पुरुष कुठे आहे, हा प्रश्न आपल्याकडे तेंडुलकरांच्याही फार आधीचा आहे. सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल १८८१ मध्ये फाशी सुनावली गेली, नंतर ती जन्मठेपेवर आली. त्यावर बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून तोच जाब विचारला.

दुसरा आक्षेप आपल्या लातुरात हमखास येईल, कारण शिकवणाऱ्याला इथे मोठा मान आहे: शिक्षिकेचं वर्तन निष्कलंक नको का? ही कसोटी मला मान्य आहे. पण दामलेही शिकवतातच. नोकरी जाते ती मात्र एकट्या बेणारेची, आणि तिच्या शिकवण्यात खोट असल्याचं कोणीही सिद्ध करत नाही.

इथले हौशी संघ हे नाटक बसवतील तेव्हा माझी एक विनंती आहे. आरोपीच्या वकिलाची जागा पहिल्यापासून सगळ्यांना दिसेल अशी ठेवा, आणि सुखात्मे तिथे जाऊन बसतात तो क्षण हशासाठी वापरू नका.