कुलूप तपासणाऱ्याचा कस

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत ठेव नाही, असं घर आपल्या मळमड्डीत क्वचितच सापडेल. इथं बसलेल्यांपैकी काहीजण अशा संस्थांचे संचालकही असतील. म्हणून आज हा विषय घेतला.

पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ सालची. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी तिचे पैसे निघाले. १३ तारखेला आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. एकूण नुकसान ९४ कोटींच्या वर. कार्ड घातलं की पैसे द्यायचे का, हे बँकेच्या मुख्य यंत्रणेला विचारलं जातं. चोरांनी मधेच खोटी यंत्रणा बसवली आणि ती ‘द्या’ म्हणत राहिली.

अशी भगदाडं चोराच्या आधी शोधण्यासाठी ‘पेनिट्रेशन टेस्टिंग’ करतात. बँकेच्या लेखी परवानगीनं जाणकार माणूस आत शिरायचा प्रयत्न करतो आणि कुठून शिरता आलं ते लिहून देतो.

पण हे काम चांगलं झालं की नाही, हे आपल्याला कसं कळणार? एकजण तयार सॉफ्टवेअर चालवून शंभर पानं छापून देतो, दुसरा आठवडाभर डोकं घालून बसतो. अहवाल दोघांचेही जाडजूड. ‘काही सापडलं नाही’ असं लिहून आलं, तर घर मजबूत की बघणाऱ्याची नजर अधू? अशा वेळी नुसता कमी दर बघून काम दिलं, तर पहिल्यालाच मिळणार.

सोन्याचा कस डोळ्यांना कळत नाही, म्हणून आपण हॉलमार्क बघतो. तसंच इथं. इंग्लंडमध्ये २००६ साली ‘क्रेस्ट’ ही संस्था निघाली. ती कंपनीची कार्यपद्धती तपासते आणि माणसांची परीक्षा वेगळी घेते. आपल्याकडे केंद्र सरकारची ‘सर्ट-इन’ २००४ पासून आहे. ती लेखापरीक्षक संस्थांना पारखून यादीत घेते आणि ती यादी कुणालाही पाहता येते. सरकारी संकेतस्थळंही या यादीतल्या संस्थेकडूनच तपासून घ्यायची असतात.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. हॉलमार्क दागिन्यावर असतो. हा शिक्का सोनारावर आहे. यादीतल्या कंपनीनं तपासलं म्हणजे बँक सुरक्षित झाली, असं नव्हे.

म्हणून संचालकांनी सही करण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. कंपनीचं नाव आजच्या यादीत आहे का? प्रत्यक्ष काम करणारी माणसं कोण आणि त्यांनी कोणती परीक्षा दिली आहे? एटीएमची यंत्रणा तपासणीत होती की फक्त संकेतस्थळ? आणि सापडलेली भगदाडं बुजवल्यावर पुन्हा तपासणी झाली का?

आपण ठेवीदारांनीही वार्षिक सभेत लाभांशाबरोबर हे चार प्रश्न विचारावेत. पैसा आपला आहे, विचारायचा हक्कही आपलाच आहे.

गणपती बाप्पा मोरया!