गाडीत हवा किती मारायची? (भागाचा लिखित मसुदा)

ज्यांना कानाला हेडफोन लावायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले "म्हणजे"-"म्हणजे" थोडे उडवले.

आजचा विषय ऐकून काही जण पुढचा भाग लावतील. विषय आहे पिकअपच्या टायरमधली हवा. पण थांबा जरा. तुमच्या घरात, भावकीत, निदान गल्लीत तरी एक पिकअप असणारच. आमच्याकडे आहे. माझा मोठा भाऊ, दादा, नारायणगावहून वाशीला टोमॅटो नेतो. मी पुण्यात कोड लिहितो आणि तो रात्रभर माळशेज उतरतो. दोघांचीही झोप खराब, पण त्याच्या कामात चूक झाली की गाडी बंद करून पुन्हा चालू करता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात रात्री एकला त्याचा फोन आला. मुरबाडच्या पुढे मागचा डावा टायर फुटला होता. गाडीत ७० क्रेट माल. गाडी डाव्या अंगाला ओढली गेली, पण दादाने ब्रेकवर पाय मारला नाही, स्टेअरिंग घट्ट धरलं आणि गाडी हळूहळू कडेला घेतली. समोरून तेव्हा कोणी येत नव्हतं, एवढंच नशीब. स्टेपनी लावून वाशीला पोचेपर्यंत बाजार उतरला होता.

फुटलेला टायर घेऊन आम्ही टायरवाल्याकडे गेलो. मला वाटलं खिळा असेल. त्याने टायर उघडला आणि आतून बोट फिरवून दाखवलं. बोटाला काळी पूड लागली. साईडवॉलला आतून गोल घासल्याचा पट्टा होता. म्हणाला, "हा खिळ्याने गेला नाही, हा कमी हवेने गेलाय." हवा कमी असली की वजनाने टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते. लोखंडी तार सारखी वाकवली की गरम होते ना, तसंच. आतल्या थरांची पकड सुटते आणि एका क्षणी टायर जातो.

दादाला विचारलं, हवा किती मारतोस? "चाळीस. चारीकडे चाळीस. बापू मारायचे तेच." म्हणजे हार्डकोड केलेली व्हॅल्यू! कोणी लिहिली माहीत नाही, का लिहिली माहीत नाही, पण चालू आहे म्हणून कोणी हात लावत नाही. आणि नजरेने कळतही नाही हो. मालवाहू टायरची बाजू इतकी जाड असते की ४० आणि ६० मधला फरक लाथ मारून समजत नाही.

आता इथे मी शहाणपणा केला, तो सांगतो. टायरवर बारीक अक्षरात लिहिलेलं मी वाचलं: कमाल ६५ पीएसआय. पीएसआय म्हणजे ज्याला आपण पौंड म्हणतो तेच. मी म्हटलं, दादा, कंपनीनेच लिहिलंय, चारीकडे ६५ मार. बीटेक झालेला भाऊ सांगतोय म्हटल्यावर त्याने मारली.

पुढच्या आठवड्यात वाशीहून रिकामी गाडी घेऊन तो घाट चढत होता. पहिला पाऊस झालेला, रस्ता ओला. एका वळणावर मागची बाजू सरकली आणि कठड्यापाशी जाऊन थांबली. सकाळी घरी आल्यावर म्हणाला, "तुझी हवा तुझ्या कॉम्प्युटरमध्ये मार. गाडी बोकडासारखी उड्या मारतेय." मला हसायला आलं आणि लगेच पोटात गोळाही आला. ती चूक माझी होती.

झालं असं, की टायरवर लिहिलेला आकडा ही त्या टायरची मर्यादा असते. तुमच्या गाडीसाठीचा सल्ला तो नाही. तोच टायर दुसऱ्या कुठल्या गाडीलाही बसतो, टायरला काय माहीत वर काय ठेवलंय! रिकाम्या पिकअपला मागे वजनच नसतं. त्यात हवा ठासून भरली की टायर मधोमधच टेकतो, पकड कमी होते, प्रत्येक खड्ड्यावर चाक उडतं, आणि पुढे मधली नक्षी आधी झिजते.

तुमच्या गाडीचा आकडा असतो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर, नाहीतर गाडीच्या पुस्तकात. आमची पट्टी धुळीखाली होती, फडक्याने पुसली तेव्हा दिसली. पुढे ३५. मागे रिकामी असताना ३५, भरलेली असताना ६०. हे आमच्या गाडीचं, तुमच्या पट्टीवर वेगळं असेल, माझं ऐकून मारू नका. एकदा फसवलंय मी एकाला.

म्हणजे भरलेल्या गाडीत दादा मागे वीस पौंड कमी हवेवर माळशेज उतरत होता. पुढे मात्र पाच जास्तच.

पण इथे संपलं नाही. टायरवर मापाच्या शेजारी एक छोटा आकडा असतो, लोड इंडेक्स. आमच्या टायरवर १०६ आहे. तक्त्यात १०६ म्हणजे ९५० किलो, तेही एका टायरला आणि कमाल हवा भरलेली असताना. हवा कमी तर झेपणारं वजनही कमी. मग आम्ही भरलेली गाडी काट्यावर नेली. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. काटेवाला "काय चाललंय यांचं" अशा नजरेने बघत होता. पूर्ण गाडी ३,२४० किलो. पुढे १,२४०. म्हणजे मागे २,०००, एका टायरवर १,०००.

कळलं का? ९५० चा टायर आणि वर १,०००. या गाडीला त्या दिवशी कुठलीच हवा बरोबर नव्हती. ४० चूक, ६० चूक, ६५ पण चूक. मी आठवडाभर हवेचा आकडा शोधत होतो आणि चूक क्रेटच्या आकड्यात होती.

क्रेटसकट माल २२ किलो धरा. आरसी बुकाप्रमाणे गाडी १,३०० किलोची, म्हणजे ५८-५९ क्रेट. दादा हे ऐकून गप्प बसला. मग म्हणाला, "बारा क्रेटचं भाडं तू देणार का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हवेवरून वाद फक्त आपल्याकडेच होतात असं नाही. अमेरिकेत २००० साली फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. ते बरेचसे फोर्ड एक्सप्लोररला लावलेले होते, आणि ही गाडी रेंजर पिकअपच्या पायावर बांधलेली. फोर्डचा सल्ला होता २६ पीएसआय, फायरस्टोन म्हणाली ३० हवी होती. टायरच्या बनावटीचाही प्रश्न होता, कडक उन्हाचा आणि वेगाचाही होता. दोनशेवर माणसं गेली आणि दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या. नव्या गाड्यांत हवा कमी झाली की जो दिवा लागतो, तो तिथे सक्तीचा झाला तो त्यानंतरच्या कायद्यामुळे. दादाच्या गाडीत तो दिवा नाही.

आता कामाचं. हवा थंड टायरमध्ये मोजायची, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना. आकडेमोड बघा: सकाळी २० डिग्रीला ६० भरली आणि टायरमधली हवा ५० डिग्रीला गेली, तर मीटर ६७ च्या पुढे दाखवेल. हे बरोबरच आहे, पट्टीवरचा आकडा हे धरूनच दिलेला असतो. पण ढाब्यावर कोणीतरी म्हणतं, हवा जास्त झालीय, काढ. काढून ६० केली, की दुसऱ्या दिवशी सकाळी ५३ वर आलात, आणि त्यावर माल भरलात. गरम टायरची हवा काढायची नाही. समृद्धीसारख्या लांब, सलग वेगाच्या रस्त्यावर जाणार असाल तर घरूनच बघून निघा.

दुसरं, स्वतःचा मीटर घ्या. आम्ही तोच टायर आमच्या मीटरवर, पंपावर आणि पंक्चरवाल्याकडे मोजला. तीन ठिकाणी तीन आकडे, त्यातले दोन सात पौंडांनी वेगळे! पंक्चरवाल्याचा मीटर बिचारा दिवसातून दहा वेळा जमिनीवर आपटतो.

आणि स्टेपनी. तिची हवा जास्तच ठेवा, लागेल तेव्हा कमी करता येते. त्या रात्री आमच्या स्टेपनीत किती होती हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

दादा आता ५८ क्रेट नेतो. क्रेटमागे भाडं थोडं वाढवलं, त्यात एक व्यापारी तुटला, बाकीचे कुरकुर करत राहिले. माल भरायच्या आधी मागे ६० मारतो. वाशीत माल उतरला की टायर गरम असतात, म्हणून तिथे हात लावत नाही. तास-दोन तास झोपतो, उठून मोजतो आणि थोडी थोडी करून उतरवतो. पावसाळ्यात हे नेमाने, उन्हाळ्यात कंटाळा करतो, मला माहीत आहे. मीटर मी दिलेलाच वापरतो, पण मी सांगितलेला आकडा आधी पट्टीवर बघून घेतो.

तुमच्या पट्टीचा फोटो काढून ठेवा, धूळ पुसून. पुढच्या भागात भेटू.